कॅमेऱ्याला दाखवलेली चिठ्ठी

समोरचा माणूस खोटं बोलतोय की खरं, हे मला चाळीस सेकंदांत कळतं. फुशारकी वाटली तर वाटू दे. मला पगार मिळतो तो ह्याच कामाचा.

नोएडातल्या एका पेमेंट कंपनीत मला नऊ वर्षं झाली. दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोडचा स्टिकर चिकटवलेला असतो ना, तो चिकटायच्या आधी त्या दुकानदाराला कंपनीत दाखल करून घ्यावं लागतं. ह्याला ऑफिसात ऑनबोर्डिंग म्हणतात. आईला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शाळेतल्या अ‍ॅडमिशनचं काम." तेच ते. कागद बघायचे, फोटो बघायचे, माणूस बघायचा, आणि आत घ्यायचा की दारातूनच परत पाठवायचा ते ठरवायचं.

दुकानाचा फोटो मागवला की लोक काय काय पाठवतात ते विचारू नका. गाझियाबादच्या एका महाभागाने एकाच दुकानाचे फोटो तीन वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दर वेळी वर पाटी नवी. पायरीवर झोपलेलं कुत्रं मात्र तेच. पाट्या तीन आणि कुत्रं एक. मी तिन्ही अर्ज एकाच फटक्यात उडवले आणि टीमला सांगितलं, पाटी नंतर वाचा, आधी कुत्रं बघा. दुसऱ्या एकाने दुकानाच्या जागी नुसत्या स्कूटरचा फोटो पाठवला होता. त्याला फोन लावून विचारलं, दुकान कुठे आहे? तो म्हणाला, "मैडम, यही दुकान है. डिक्की में मोमोज़ हैं." त्याला मी पास केलं, कारण तो खरं बोलत होता.

शेवटची पायरी व्हिडिओ कॉलची. आमच्या टीममधली मुलं-मुली हेडफोन लावून बसतात, अर्जदाराला कॅमेऱ्यासमोर घेतात, कार्ड दाखवायला सांगतात, आणि कार्डावरच्याच माहितीतले दोन-तीन प्रश्न विचारतात. प्रश्न कॉम्प्युटर निवडतो. पिनकोड, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असलं काहीतरी. नियम कडक. अर्जदार एकटा हवा, नजर कॅमेऱ्यात हवी, उत्तर त्याच्याच तोंडून यायला हवं. बाजूने कुणी सांगायचं नाही, कागद बघायचा नाही. कारण सोपं आहे. ठग लोक गरिबाचं कार्ड घेतात, त्याला कॅमेऱ्यासमोर बसवतात, शेजारी उभं राहून उत्तरं सांगतात, आणि मग खातं गरिबाच्या नावावर आणि चोरी ठगाची. पोलीस येतात ते मात्र गरिबाच्या दारात. असे कितीतरी मी पकडलेत, आणि त्याचा मला अभिमान आहे.

शंकेचे कॉल माझ्याकडे येतात. मी रेकॉर्डिंग बघते आणि हिरवं बटण दाबते किंवा लाल. लाल दाबलं की अर्जावर 'संशयास्पद' असा शिक्का बसतो आणि त्या माणसाला तीन महिने आमच्याकडे पुन्हा अर्ज करता येत नाही. पॅन्ट्रीच्या दाराशेजारी एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर प्रत्येक तपासनिसाचं नाव आणि त्याचे नंतर उलटवावे लागलेले निर्णय किती, तो आकडा मार्करने लिहिलेला असतो. माझ्या नावापुढे दोन वर्षं शून्य होतं. चहा घ्यायला जाताना मी त्या शून्याकडे बघून घ्यायची. नाही म्हणू नये, बघायचीच.

तो शुक्रवार होता. दुपारी एक रेकॉर्डिंग आलं.

पडद्यावर पंचावन्नच्या आसपासची बाई. डोक्यावरून पदर, मागे भिंतीला कॅलेंडर, त्याखाली हिरवी लोखंडी ट्रंक. कँटोन्मेंटमधलं फौजी क्वार्टर असणार, अशी ट्रंक दुसरीकडे दिसत नाही. कार्डावर पत्ता सातारा जिल्ह्यातल्या गावाचा. व्यवसाय: घरगुती मसाले. विधवा. बँकेचं खातं तिच्या नावावर, कागद सगळे स्वच्छ. कॉल घेणारी आमची मुलगी मेरठची, चांगली गोड बोलणारी. तिने पिनकोड विचारला, बाईंनी एकेक आकडा मोजून सांगितला. मग पडद्यावर पुढचा प्रश्न आला आणि मुलीने तो वाचला, "आपके पति का नाम?"

बाईंनी मान खाली घातली.

मुलीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. बाईंनी बाजूला बघितलं. डावीकडून हिरव्या बांगड्यांचा एक हात चौकटीत आला आणि त्याने बाईंच्या हातात एक चिठ्ठी दिली. आता ह्या बाई ती वाचून दाखवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ती वाचली नाही. उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली, दोन्ही हातांनी, हनुवटीखाली. बॉलपेनने ठळक लिहिलेलं एक नाव. मुलगी म्हणाली, "माँ जी, बोलकर बताइए." बाईंनी मान हलवली आणि चिठ्ठी आणखी जवळ आणली, इतकी की पडद्यावर नुसती अक्षरंच दिसायला लागली. मग कॉल कट झाला.

मला हसू फुटलं. कॉपी करणारी पोरंसुद्धा चिठ्ठी निदान मांडीवर ठेवतात! बाई मराठी आहेत हे दिसत होतंच, पण उलट त्यामुळेच मी जास्त ताठ झाले. आपलं माणूस म्हणून सूट द्यायची नाही, हा माझा पहिल्यापासूनचा बाणा. बापाने सरकारी नोकरीत तो आयुष्यभर पाळला, मी खासगीत पाळते. मी शेरा लिहिला: तिसरी व्यक्ती हजर, उत्तर लिहून पुरवलं. लाल बटण दाबलं. चाळीस सेकंदंसुद्धा लागली नसतील. मग चहाला गेले आणि माझं शून्य बघून आले.

माझे आईवडील मयूर विहारला एका सहकारी सोसायटीत राहतात. मी आणि माझा नवरा दोन बिल्डिंगा सोडून. रविवारी नाश्ता आईकडे, हा ठरलेला कार्यक्रम. आई पोह्यांत मटार घालते, दिल्लीत राहून तिने मान्य केलेली ही एकमेव गोष्ट. त्या रविवारी मी ताटली घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि तिला आठवड्यातली मजा म्हणून चिठ्ठीची गोष्ट सांगितली. अगदी अभिनयासकट. हनुवटीखाली पोह्यांची ताटलीच धरून दाखवली. बाबा टेबलावर पेपर वाचत होते, तेही हसले.

आई हसली नाही. तिने गॅस बारीक केला.

"केवढी होती गं बाई?"

"पंचावन्न वगैरे."

"आणि नवरा?"

"वारलेत. फॉर्मवर होतं."

"आणि बांगड्यांचा हात कुणाचा?"

"सूनच असणार, अजून कोण."

आईने झारा खाली ठेवला. "अगं, मग ती नाव कसं घेईल? नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आणि सूनही नाही घेणार, सासऱ्याचं नाव आहे ते. फौजी क्वार्टर म्हणालीस ना, मुलगा ड्युटीवर असेल. घरात तिसरं कुणी नाही. मग करायचं काय दोघींनी? लिहून दिलं. ती फसवत नव्हती गं. ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत होती."

मी म्हटलं, "आई, यार, आता असं कोण करतं? मी तर माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, चिडले की आडनावाने."

"तू मारतेस," आई म्हणाली. "माझ्या तोंडून कधी ऐकलंयस तुझ्या बाबांचं नाव?"

मी मनातल्या मनात शोधायला लागले. अहो. ह्यांचं. तुझ्या बाबांना. गॅसवाल्याला, साहब के नाम पे है. कुरिअरवाल्याला, हाँ हाँ, वही, इनका ही है. छत्तीस वर्षांची आहे मी, त्या घरात वाढले, आणि तिच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्यांचं खोटं चाळीस सेकंदांत पकडणारी मी!

बाबा पेपरामागून म्हणाले, "चाळीस वर्षं बिननावाचा राहतोय मी ह्या घरात."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि माझ्यासाठी नाव कोण सांगायचं, ते आठवतंय का बाईसाहेबांना?"

आठवलं. ती विचारत होती तेव्हाच आठवायला लागलं होतं. सरकारी दवाखान्याची खिडकी, तिच्यापर्यंत माझं डोकंही पोचायचं नाही. आतला कारकून विचारायचा, कार्ड किसके नाम पे है? आई माझा हात दोनदा दाबायची. दोनदा दाबला की आपण बोलायचं, हे आमचं ठरलेलं होतं. मी टाचा उंच करून बाबांचं अख्खं नाव, आडनावासकट, ठणठणीत सांगायची. शाळेच्या ऑफिसात, बँकेत, रेशनच्या रांगेत, सगळीकडे तेच. लोक म्हणायचे, बच्ची बहुत होशियार है. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणूनच आई मला बोलायला सांगते. माझा आवाज मोठा आहे असं आजही सगळे म्हणतात. तो त्याच खिडक्यांवर तावून निघालाय.

म्हणजे आमच्या नियमात जी 'तिसरी व्यक्ती' आहे, बाजूला उभी राहून उत्तर पुरवणारी, ती मीच होते. पाच वर्षांची असल्यापासून.

पोहे गार झाले. मला त्या बाईंचा चेहरा आठवेना, नुसती चिठ्ठी आठवत होती, आणि ती त्यांनी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आणली होती ते. त्यांना वाटलं असणार, आम्हाला अक्षर दिसत नाहीये. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा आलाही. आई म्हणाली, "रागावून काय होणार? सोमवारी जा आणि नीट कर."

सोमवारी मेट्रोतून उतरले ती थेट आमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब हरियाणाचे, नियमाला पक्के, पण मनाने वाईट नाहीत. लाल बटण उलटवायचं तर त्यांची सही लागते, आणि 'माझा निर्णय चुकला' असं तपासनिसाने स्वतः लिहून द्यावं लागतं. मी लिहून नेलंच होतं. त्यांनी ते वाचलं, मग रेकॉर्डिंग बघितलं.

"पति का नाम नहीं बोलेगी? ये क्या बात हुई, यार? रूल तो रूल है."

"सर," मी म्हटलं, "आपकी दादी दादाजी को क्या बुलाती थीं?"

 साहेब हसायलाच लागले. "अजी सुनते हो. और कोई बाहर का आए तो, मुन्ने के बापू."

केबिनच्या दारात ती मेरठची मुलगी उभी होती, जिने कॉल घेतला होता. ती हळूच म्हणाली, "मैम, मेरी मम्मी भी नहीं लेतीं. बैंक में मैं ही बोलती हूँ." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही ते आत्ता, इथे उभं राहूनच उमगत होतं.

मी काचेतून बाहेर हॉलकडे बघितलं. सगळे हेडफोन लावून बसलेले, कुणी बुलंदशहरचा, कुणी भागलपूरची, कुणी करनालचा. ह्यांतल्या किती जणांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर आईसाठी बापाचं नाव सांगितलं असेल! आणि हा नियम इथेच, ह्याच मजल्यावर, आमच्यातल्याच लोकांनी बसून लिहिलेला होता. मीही होते त्या मीटिंगमध्ये. समोसे खाल्ले होते आणि बिल्कुल ठीक आहे म्हटलं होतं. बाहेरच्या कुणी केला असता तर त्या चुकीला माफी होती. आमच्या चुकीला नव्हती.

साहेबांनी सही केली. "दूसरा सवाल पूछ लो. डेट ऑफ़ बर्थ पूछो, बात ख़त्म. कॉल तुम ख़ुद करोगी, और रिवर्सल तुम्हारे नाम पे लगेगा."

"लगने दीजिए," मी म्हटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोर्डावर माझ्या नावापुढे एक झाला होता. चहा घेताना मी त्याच्याकडेही मान वर करूनच बघितलं.

आधी साधा फोन लावला. सुनेने उचलला. मी कंपनीचं नाव सांगताच तिचा आवाज कडक झाला.

"आता अजून काय राहिलंय? आला ना तुमचा मेसेज. सुरक्षा कारणों से अस्वीकृत. मॅडम, माझे सासरे फौजेत होते, माझा नवरा फौजेत आहे. आणि सुरक्षेच्या कारणाने तुम्ही आमच्या आत्यांना नाही म्हणता?"

सासूला ती आत्या म्हणत होती, साताऱ्याकडे म्हणतात तसं. मी म्हटलं, चूक माझी होती.  अशा फोनवर असं कुणी म्हणत नाही, तिचा आवाज खाली आला. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. येत्या रविवारी त्यांच्या इथे बायकांचा मेळा होता. आत्यांच्या कांदा-लसूण मसाल्याला नि भाजणीला स्टॉल मिळाला होता. आजवर बरण्या आसपासच्या क्वार्टरांमध्ये जायच्या, 'अमक्या फौजीच्या आईचा मसाला' म्हणून. मेळ्याचा नियम असा की क्यूआर स्टॉलवालीच्या स्वतःच्या नावाचा हवा, शुक्रवारपर्यंत दाखवायचा, नाहीतर टेबल दुसऱ्या बाईला.

"मी म्हटलं, माझ्या नावाने काढू अर्ज नि स्टॉल. तर म्हणतात, मसाला माझा तर नाव पण माझंच पायजे. आणि त्या मेसेजपासून एकच चाललंय त्यांचं. म्हणतात, सगळ्या क्वार्टरांत मी चोर ठरले."

"त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवता का?" मी म्हटलं. "ह्या वेळी मीच विचारणार आहे. आणि नाव विचारणार नाही."

दहा मिनिटांनी त्या पडद्यावर आल्या. तोच पदर, तीच ट्रंक. ह्या वेळी चेहरा नीट बघितला. कपाळ रुंद, ओठ घट्ट मिटलेले, परीक्षेला बसलेल्या माणसासारख्या ताठ. मी आधी स्वतःचं नाव आणि नंबर रेकॉर्डवर सांगितला, मग मराठीत म्हटलं, "मावशी, नमस्कार. पिनकोड तुम्ही मागे बरोबर सांगितला होता. आता फक्त जन्मतारीख सांगा."

"खरी का कागदावरची?"

"कागदावरची."

"एक जून. मास्तरांनी समद्या वर्गाची तीच लिवली हुती."

मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं. मी म्हटलं, "झालं, मावशी. पास."

त्या हलल्या नाहीत. "आन् त्यो दुसरा प्रश्न? मालकांच्या नावाचा?"

"त्याची आता गरज नाही."

"म्हंजे सूट दिली व्हय?"

खोटं बोलणं मला सहज जमलं असतं. पण मी बोलले नाही. "हो," मी म्हटलं. "दिली."

"मग नको. त्याच प्रश्नाला मी नापास झाले न्हवं? त्योच इचारा."

आपलं माणूस म्हणून सूट द्यायची नाही, हा माझाच बाणा, आणि तो आता माझ्याच समोर पदर खोचून बसला होता. मी म्हटलं, "मावशी, मला माहीत आहे, नाव घेत नाहीत. माझी आईही घेत नाही. तुम्ही उगाच स्वतःला..."

"तसं न्हाई, बाई." त्यांनी हात वर केला. "ते हयात हुते तवा न्हाई घेतलं, आयुष्य कमी हुतं म्हनायचे. सणासुदीला उखाण्यात तेवढं घ्यायचं. मला लई उखाणे यायचे. ते गेले, आन् कोन कशाला सांगंल मला उखाणा घ्यायला? हळदीकुकवाला बी बोलवत न्हाईत. बारा वर्सं झाली. त्या दिवशी तुमच्या पोरीनं इचारलं आन् मी बोलाया गेले, तर जिभंवर येईचना. लाजून गप ऱ्हायले असं न्हाई. बारा वर्सांत मला त्येंचं नाव कुनी इचारलंच नव्हतं."

 हे सगळं रेकॉर्ड होत होतं.

"चार दिस पाठ केलंय," त्या म्हणाल्या. "इचारा."

मग मी विचारलं. नियमात आहे तसंच, शब्द न बदलता, "आपल्या पतीचं नाव सांगा."

त्यांनी पदर सारखा केला. नजर कॅमेऱ्यात ठेवली, आणि एका दमात, खणखणीत म्हणाल्या:

"मिरचीला दावलं ऊन, भाजून घेतला कांदा,
.......रावांचं नाव घेते, आन् मांडते माझा धंदा."

ते नाव मी इथे लिहीत नाही. उखाण्यांच्या पुस्तकात जागा कोरी सोडतात, तशी मीही सोडलीय. पण त्या दिवशी ती जागा कोरी नव्हती. त्यांनी नाव घेतलं, आडनावासकट, आणि ते कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं. डावीकडून हुंदक्याचा आवाज आला. सून होती. नियमाप्रमाणे तिसऱ्या व्यक्तीचा आवाज आला तर कॉल बाद करायचा असतो. मला काही तो ऐकू आला नाही.

उत्तर एकदा स्पष्ट आलं की पुरतं. ते स्पष्ट आलं होतं, नेटवर्कच्या चारही काड्या भरलेल्या होत्या, माझं बोट हिरव्या बटणावर होतं. तरी मी म्हटलं, "मावशी, मधे नेटवर्क गेलं वाटतं. परत एकदा सांगता का?"

नऊ वर्षांत रेकॉर्डवर मी बोललेलं हे एकच खोटं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. ह्या वेळी उखाणा नव्हता, राव नव्हतं, आडनाव नव्हतं. नुसतं नाव, हळू आवाजात, आतल्या खोलीतल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं. मग त्यांनी विचारलं,

"आलं का ऐकू?"

"आलं," मी म्हटलं, आणि हिरवं बटण दाबलं.